सात आण्यांची चिठ्ठी

"सर, लागेल का हो नंबर?"

वीस-बावीस वर्षं हा प्रश्न मी ऐकला. विचारणारा पोरगा असो, त्याचा बाप असो की मामा, आवाज तोच. आधी खाकरायचं, मग खिडकीकडं बघायचं आणि मग विचारायचं. मी सकाळी जालन्याच्या एका कॉलेजात वाणिज्य शाखेला शिकवायचो आणि दुपारनंतर धान्यबाजाराच्या मोंढ्याजवळच्या एका खोलीत बसायचो. खोली बियाण्यांच्या दुकानावर होती. बियाण्याला चोळायच्या औषधाचा वास जिना चढून वर यायचा. माझे जुने विद्यार्थी आज कुठं कुठं मोठ्या हुद्द्यांवर आहेत, पण तो वास आला की त्यांना टक्केवारीची गणितं आठवतात म्हणे.

माझं काम काय होतं ते आधी सांगतो, कारण बाहेरच्या माणसाला ते चटकन कळत नाही. देशात चार-सहा नामवंत व्यवस्थापन संस्था आहेत. तिथं शिकलेल्या पोराला कंपन्या दारात येऊन उचलतात. त्यामुळं एका जागेमागं शेकड्यांनी अर्ज. आधी लेखी परीक्षा: गणित, इंग्रजी, तक्ते-आकडे, आणि वेळ एवढा कमी की पाणी प्यायला मान वर केली तरी दोन प्रश्न गेले. त्यातून तरलात तर मुलाखतीचं बोलावणं. मग आठ-दहा जणांना गोल बसवून एखाद्या विषयावर बोलायला लावतात, तिला गटचर्चा म्हणतात. शेवटी तीन परीक्षकांसमोर एकट्यानं बसायचं. हे सगळं इंग्रजीत. आमच्या भागातली पोरं फॉर्म भरण्याआधी माझ्याकडं यायची आणि मी त्यांचा अंदाज सांगायचो, आण्यांमध्ये.

आण्यांमध्ये, कारण माझे वडील घनसावंगीकडं तलाठी होते. पिकाची आणेवारी मी लहानपणापासून बघितलेली. सोळा आणे म्हणजे भरघोस पीक, आठ आण्यांच्या खाली म्हणजे दुष्काळ. सरकारदरबारी तिला आता पैसेवारी म्हणतात, पण आमची माणसं आणेच बोलतात. सुरुवातीच्या काळात एका बापाला मी टक्क्यांत समजावत होतो, ते त्याच्या डोक्यावरून चाललं होतं. वैतागून म्हणालो, "असं समजा, दहा आणे पीक आहे." गडी लगेच ताठ बसला. "मंग बराबर! दहा आणे म्हंजे फॉर्म भरायचा." तेव्हापासून तीच रीत पडली.

सोळा आण्यांची माझी वाटणी ठरलेली होती. शाळा-कॉलेजातल्या गुणांना दोन आणे. हिशेबाच्या चपळाईला तीन. इंग्रजी वाचून समजण्याला तीन. इंग्रजी बोलण्याला चार. घर पाठीशी आहे का, दोन वर्षं पोराला सोडेल का, याला दोन. उरलेले दोन जिद्दीला. तासभर बोलायचो, दोन-चार कागद सोडवून घ्यायचो, आणि मग एका छोट्या चिठ्ठीवर नाव आणि आणे लिहून द्यायचो. आठ किंवा वर असेल तर फॉर्म भर, आठच्या खाली असेल तर भरू नको. एकदा लिहिलेला आकडा खोडायचा नाही, हा माझा नियम. त्या नियमाचा मला फार अभिमान होता.

गमतीही व्हायच्या. धावड्याहून एक गृहस्थ मुलाला घेऊन आले होते. मुलगा गोड, पण अभ्यासाच्या बाबतीत आनंदीआनंद. मी मन घट्ट करून चिठ्ठी दिली: सहा आणे. बाप खूष! चिठ्ठी कपाळाला लावून म्हणाला, "बरं झालं सर, आठाच्या आत बसलं. आता सवलत मिळंल." दुष्काळी गावाला सारा माफ होतो तशी दुष्काळी पोराला परीक्षा माफ होत नाही, हे समजावताना माझी पुरेवाट झाली. जाताना त्यानं विचारलंच, "तरी पन सर, चार आणे केले तर?"

आणि ज्यांचा नंबर लागायचा त्यांना पोहोचवायला मी स्टेशनवर जायचो. हा माझा छंदच म्हणा. मनमाडकडं जाणारी गाडी यायची, पोरगं नवी बॅग सांभाळत चढायचं, आई रडायची, बाप उगाच हमालाशी बोलायचा. गाडी सुटली की मी फलाटाच्या टोकापर्यंत चालत जायचो आणि शेवटचा डबा दिसेनासा होईपर्यंत उभा राहायचो. त्या गाडीत आपण नाही, याची हुरहुर मला दर वेळी लागायची. वयानं ती कमी झाली नाही, हे आज कबूल करायला हरकत नाही.

कारण मलाही एकदा बोलावणं आलं होतं. एक्याऐंशी साली. एम.कॉम. होऊन बसलो होतो, कुणाला न सांगता परीक्षा दिली आणि मुलाखतीचं पत्र घरी आलं. आठ दिवस ते पत्र मी उशाखाली ठेवलं. इंग्रजी मी वाचलं होतं पोत्यानं, पण तोंडानं कधी बोललो नव्हतो. कडक इस्त्रीची पोरं गोल बसली आहेत आणि माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, हे चित्र डोळ्यांपुढून हलेना. गेलो नाही. सगळ्यांना सांगितलं, गाडी चुकली. वडिलांनी एवढंच विचारलं, "कोन्ती गाडी?"

इंग्रजी बोलण्याला मी चार आणे का ठेवले होते, हे आता तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या लक्षात यायला फार वर्षं लागली.

आता संगीताबद्दल. हा सगळा लेख खरं तर तिच्यासाठीच लिहायला घेतला आहे.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर ती आली. आमच्याच कॉलेजातून बी.कॉम. झालेली, बदनापूरहून रोज रेल्वेनं ये-जा करणारी. वडील बाबुराव बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्रावर शेतात काम करायचे, तुरीच्या वाणांचे वाफे सांभाळायचे. संगीता दिसायला बारकीशी, बोलणं कमी, पण आकड्यांवर अशी तुटून पडायची की बघत राहावं. मी गणित फळ्यावर लिहून वळेपर्यंत तिच्या वहीत उत्तर तयार. इंग्रजी वाचायला दिलं, बरं समजलं. मग इंग्रजीत चार वाक्यं बोल म्हणालो. ती उभी राहिली. ओठ हलले. आवाज नाही. मिनिटभर आम्ही दोघंही एकमेकांकडं बघत होतो, मग ती खाली बसली.

मी हिशेब केला. गुणांचा एक, हिशेबाचे तीन, वाचनाचे दोन, बोलण्याचं शून्य. जिद्दीचा एक दिला, तोही हात आखडूनच. घराच्या रकान्यात शून्य घातलं, तेही न विचारता. बदनापूरची मुलगी, बाप शेतात राबणारा, कोण दोन वर्षं परमुलखात पाठवणार, असं मीच ठरवून टाकलं. बेरीज सात.

त्या वर्षी मी जरा जास्तच कडक झालो होतो. आदल्या वर्षी एका पोराला अकरा आणे लिहून दिले होते आणि त्याला साधं बोलावणंही आलं नाही. त्याच्या बापानं भर मोंढ्यात मला धरलं, "तुमच्या अकरा आन्यानं माझ्या पोराचं साल गेलं," म्हणाला. चार माणसं ऐकत होती. ते मनाला फार लागलं होतं. तेव्हापासून कुणाला आणा वाढवून द्यायचा म्हटलं की हात थांबायचा.

चिठ्ठी बघून संगीतानं विचारलं, "सर, एकच आणा कमी पडला का?"

"एकच. पण तो बोलण्यातला आहे. दोन-तीन महिन्यांत येणारी गोष्ट नाही ती."

"प्रयत्न केला तर?"

"पुढं बघू," मी म्हणालो. मास्तर लोकांचं हे 'पुढं बघू' फार वाईट. त्याचा अर्थ आम्हालाच माहीत नसतो.

फॉर्मची मुदत संपायला तीन दिवस उरले असताना बाबुराव आले. डोक्याला रुमाल, हातात तुरीच्या शेंगांची पिशवी. पिशवी टेबलावर ठेवली आणि उभेच राहिले. मी बसा म्हणालो तेव्हा खुर्चीच्या काठावर टेकले.

"सर, लेकीची चिठ्ठी बघितली. सात आणे."

"हो."

"मी तिला धाडायला तयार हाये. दोन साल कायले, चार साल लागू द्या. तिची माय बी तयार हाये. ते सांगायला आल्तो."

माझ्या डोक्यात बेरीज आपोआप झाली. घराचे दोन आणे. सात आणि दोन नऊ. आठच्या वर. फॉर्म भरायचा. हे सगळं मला त्या क्षणी लख्ख दिसलं, आणि तरी मी म्हणालो, "बाबुराव, आकडा एकदा लिहिला की मी बदलत नाही."

ते म्हणाले, "आमच्याकडं सर, सायब लोक येतेत, वाफ्यावर हुभं राहून बघतेत. पन नुसतं बघून कोन्ताच वाण नापास करीत न्हाईत. कापायचा, झोडपायचा, वजन करायचं, मंग बोलायचं. दिसायला मरतुकडा वाण कधी कधी काट्यावर भारी निघतोय."

"पिकाचं वेगळं आणि माणसाचं वेगळं," मी म्हणालो. किती शहाणा होतो मी!

बाबुराव उठले. "तुमी जानते मानसं हात," म्हणाले आणि जिना उतरून गेले. शेंगा टेबलावरच राहिल्या. घरी नेऊन आम्ही त्या मीठ घालून उकडून खाल्ल्या. चव अजून जिभेवर आहे, पण ती गोड आठवण म्हणून नाही.

संगीतानं फॉर्म भरला नाही. मुदत गेली. पण पोरगी रविवारी यायची थांबली नाही. रविवारी मी सराव परीक्षा घ्यायचो, घड्याळ लावून, अगदी खरीसारखी. ती मागच्या बाकावर बसून सोडवायची आणि कागद ठेवून गाडीला पळायची. मी म्हणायचो, सवय लागली असेल. गटचर्चेच्या सरावालाही बसायची, पण कधी बोलायची नाही.

मोसमातल्या शेवटच्या रविवारी मी विषय दिला, नवीन माल बाजारात चालेल की नाही हे कसं ओळखायचं. शहरातली दोन पोरं फाडफाड इंग्रजी बोलली, पण सगळं हवेत. आणि अचानक मागून संगीता बोलायला लागली. इंग्रजी मोडकंतोडकं, क्रियापदं कुठल्या कुठं. पण ती वाफ्यांबद्दल सांगत होती. एकच वाण तीन ठिकाणी कसा पेरतात, पिकाकडं बघून कुणी मत का देत नाही, काट्यावर काय होतं. फाडफाड बोलणारी पोरं गप्प झाली. एकानं तर पुढं सरकून तिला प्रश्न विचारला आणि तिनं त्यालाही उत्तर दिलं. घरी आरशासमोर उभी राहून ती दोन-अडीच महिने बोलत होती, हे मला नंतर कळलं.

त्याच दिवशीच्या लेखी सरावात ती पहिली आली. जवळपाससुद्धा कुणी नव्हतं.

त्या संध्याकाळी मी माझं रजिस्टर उघडलं. प्रत्येकाच्या नावाचं एक पान असायचं. संगीताच्या पानावर आयुष्यात पहिल्यांदा मी जुना आकडा खोडला आणि नवा लिहिला. गुणांचा एक, हिशेबाचे तीन, वाचनाचे तीन, बोलण्याचे तीन, घराचे दोन, जिद्दीचे पूर्ण दोन. चौदा आणे. खाली सही केली. बावीस वर्षांत चौदाच्या वर मी कुणाला दिलेले नाहीत.

पुढच्या साली ही पोरगी फॉर्म भरेल आणि मी तिला स्टेशनवर पोहोचवायला जाईन, असं मनाशी ठरवून टाकलं. तिची गाडी बदनापूरवरूनच जाणार, तर बाबुराव तिथल्या फलाटावर शेंगांची पिशवी घेऊन उभे असतील, हेही डोळ्यांपुढं आणून ठेवलं. रंगवायला काय लागतं!

पुढच्या साली ती आली नाही. चौकशी केली तेव्हा कळलं की जालन्यातल्याच एका बियाणं कंपनीत तपासणी विभागात लागली आहे. मग लग्न झाल्याचं कळलं. मी मनात म्हणालो, झालं, घरच्यांनी पाय मागं घेतला. तसं म्हणणं मला सोयीचं होतं. पण दर साली पोरांना पोहोचवून परत येताना माझ्या मनात तेच यायचं. ही गाडी अर्ध्या तासात बदनापूर मागं टाकेल आणि आतमध्ये जिनं असायला हवं होतं ती नाही.

सात-आठ वर्षं गेली. तोवर शहरात चकाचक क्लास निघाले, भिंतीवर पोरांचे फोटो लावणारे. माझ्या खोलीचा जिना चढणारी माणसं कमी झाली. अशाच एका दुपारी संगीता दारात उभी. अंगानं थोडी भरलेली, खांद्याला पर्स, बरोबर कॉलेजातली एक मुलगी.

"वळखलं का सर?"

ओळखणार नाही तर काय! मी उठूनच उभा राहिलो. सोबतची तिची भाची होती, कुंभार पिंपळगावची, शुभांगी. कंपनीत आता संगीताच्या हाताखाली सात-आठ जण काम करत होते. "ओल्या कागदावर शंभर दाने ठिवायचे आन उगवले किती ते मोजायचे, हेच करून राह्यले इतकी वर्षं," ती हसत म्हणाली. भाचीला व्यवस्थापनाची परीक्षा द्यायची होती. मी सवयीनं चिठ्ठ्यांचा गठ्ठा पुढं ओढला.

संगीतानं गठ्ठ्यावर हात ठेवला. "सर, आज चिठ्ठी नका लिहू. आधी फॉर्म भरू द्या तिला. आणे मंग."

मी हात मागं घेतला. आणि इतकी वर्षं जे विचारायचं होतं ते विचारलं. "संगीता, तू दुसऱ्या साली फॉर्म का नाही भरलास? तुझे तर चौदा आणे होते."

तिचा चेहरा बदलला. "कोन म्हनलं चौदा?"

"मीच. शेवटच्या रविवारी लिहिले मी."

"मला न्हाई सांगितलं तुमी."

मी बोलायला तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं, की खरंच नाही सांगितलं. फॉर्मची तारीख गेली होती. सांगायचं म्हणजे स्वतःची चूक तिच्यापुढं कबूल करायची. म्हणून रजिस्टरात लिहिलं, सही केली आणि पुढं बघू म्हणून ठेवून दिलं.

"दादानं तुमची चिठ्ठी लई दिवस जपली," ती म्हणाली. वडिलांना ती दादा म्हणायची. "मी म्हनले, दादा, आनखी एक साल बघू का? तर ते चिठ्ठी उलटीपालटी करून बघायचे. म्हनायचे, गावात आनेवारी लागती तवा नजर आनेवारी का अंतिम, ते लिहिलेलं असतंय. पहिली असती नजरेची, मंग पीक कापून अंतिम. सरांनी काईच लिहिलं न्हाई. तलाठ्याचा लेक हाये, उगा सोडंल का? अंतिमच आसनार."

तलाठ्याचा लेक. बांधावर उभं राहून काढलेल्या आकड्याला शेवटचा शब्द मानायचा नसतो, हे ज्या घरात मी दुधाबरोबर प्यायलो, त्या घरातला. माझ्या वडिलांनी हजारो आकडे लिहिले, पण 'नजर' हा शब्द लिहिल्याशिवाय एकही कागद पुढं पाठवला नाही. आणि मी आयुष्यभर नुसते आणे लिहीत आलो. एक्याऐंशी साली स्वतःचे लिहिले तेसुद्धा तसेच.

मला माफ कर, असं मी तिला म्हणालो. तिनं मान हलवली.

मग मी कपाटातून जुनं रजिस्टर काढलं. तिचं पान सापडायला वेळ लागला. सात खोडलेले, खाली चौदा, खाली माझी सही. तिनं ते पान स्वतःकडं वळवून घेतलं आणि एकेक रकाना बोट लावून वाचला. घराच्या रकान्यातल्या दोन आण्यांवर तिचं बोट थांबलं.

"हे दादाचे दोन आणे," ती म्हणाली.

"बाबुराव कसे आहेत?"

"मागल्या साली गेले."

खाली दुकानात कुणीतरी पोती हलवत होतं, त्याचा आवाज येत होता. शुभांगी एकदा मावशीकडं आणि एकदा माझ्याकडं बघत होती. संगीतानं पदरानं डोळे पुसले.

"हे पान नेऊ का सर?"

मी पट्टी लावून ते पान फाडलं. द्यायच्या आधी चौदाच्या पुढं एक शब्द लिहिला: अंतिम. तिनं तो वाचला, चार घड्या घालून पान पर्समध्ये ठेवलं आणि चेन लावली. मग बरोबर आणलेला फॉर्म भाचीच्या पुढं सरकवला.

"लिही," ती म्हणाली. "नाव ठळक अक्षरात लिही. आन सरांना काई विचारू नको."